माहितीची निवडपाखड

(इयत्ता ६ वी व ७ वी : भाषा विषयास पूरक पाठ)

पाठाचा हेतू : हाती येणाऱ्या अफाट माहितीतून उपयुक्त तेवढी निवडण्याची व खऱ्याखोट्याची पारख करण्याची सवय मुलांना लावणे.

विवेचन : घरी आलेले धान्य कोणतीही गृहिणी तसेच दळणाला टाकीत नाही. ती ते सुपात घेऊन पाखडते, खडे वेचते आणि मगच दळावयास देते. धान्याच्या बाबतीत सहज घेतली जाणारी ही दक्षता माहितीच्या बाबतीत मात्र घेतली जात नाही. पूर्वी खेड्यात एखादेच वर्तमानपत्र येई आणि चारजण मिळून ते वाचीत. आज घरोघरी भ्रमणध्वनी आहे. शासकीय सूचना, बाजारभाव, करमणूक व अफवा ही सारी त्याच एका पडद्यावर सरमिसळ येऊन पडतात.

हा प्रश्न अगदीच नवा नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचविणे, हे त्यांतील चौथे सूत्र होय. अमेरिकन विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली दाखवून दिले की, माहिती वाढते तसतसे माणसाचे अवधान अपुरे पडू लागते. अवधान हे मर्यादित धन आहे. ते कोठे खर्चावे हे ठरविणे, हेच आजचे खरे शिक्षण होय.

निवड न केल्यास केवळ वेळच जातो असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने ५ निरपराध माणसांना ठार मारले. ते भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. अशा अफवा त्या सुमारास भ्रमणध्वनीवरून ठिकठिकाणी पसरत होत्या. त्या वर्षी देशात फिरलेली एक चित्रफीत तर मुळात कराची येथे बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती. उचलून नेलेले मूल तिच्या शेवटी परत आणून सोडले जाते. नेमका तोच भाग कापून ती पसरविण्यात आली. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी ५ ठिकाणीच पुढे पाठविता येईल अशी मर्यादा जाहीर केली. यंत्राने मर्यादा घातली, तरी विवेक माणसानेच बाळगावा लागतो.

पाठाची पद्धती : शिक्षकाने फळ्यावर तीन संदेश लिहावेत : एक लसीकरणाची सूचना, एक घरगुती औषधाचा दावा व एक भीती घालणारी वार्ता. प्रत्येकाबाबत मुलांना पुढील प्रश्न विचारावेत :

(१) हे मूळ कोणी सांगितले?
(२) ही गोष्ट केव्हाची व कोठली?
(३) हिचा आधी किंवा नंतरचा भाग गाळला आहे काय?
(४) खात्री कोणाकडे करून घेता येईल?

मग ‘ठेवावे’, ‘विचारावे’ व ‘टाकावे’ असे तीन रकाने आखून मुलांकडून संदेशांची वर्गवारी करून घ्यावी. ‘मामांनी पाठविले म्हणजे खरेच असणार,’ असे एखादे मूल हमखास म्हणेल. त्याचा उपहास न करता, मामांनाही ते कोणाकडून आले, असे विचारावे. पाठविणारा ओळखीचा असला, तरी मजकूर पारखूनच घ्यावा लागतो, हे मुलांना त्यातून आपोआप उमगेल. संदेशावर दुहेरी बाण दिसल्यास तो अनेक हातांतून आलेला आहे, हेही सांगावे.

शिक्षकाचे आचरण : मुले ऐकतात त्याहून अधिक पाहतात. म्हणून शिक्षकाने संदेश पाहण्याच्या दोन वेळा ठरवाव्यात, कामाच्या सूचना तारखेसह नोंदवहीत उतरवाव्यात आणि अध्यापन चालू असता भ्रमणध्वनी दूर ठेवावा. खात्री नसलेला मजकूर पालकांच्या गटावर मुळीच पाठवू नये. गावात गुरुजींचा वा बाईंचा शब्द प्रमाण मानला जातो.

स्वाध्याय : (१) घरी आलेल्या एका संदेशाचा उगम शोधून पाच ओळी लिहा. (२) आज न वाचताही ज्यांवाचून काही अडले नाही, असे तीन संदेश सांगा.