रस्त्याकडेच्या झाडांची गणना आणि निगा : नागरिकांचा सहभाग

शहरातील रस्त्याकडेचे झाड सर्वांचे असते. म्हणूनच पुष्कळदा ते कोणाचेच नसते. त्याच्या सावलीत क्षणभर थांबणारे अनेक, पण खोडात रुतलेला खिळा किंवा बुंध्याला भिडलेले काँक्रीट ध्यानात घेणारे थोडे. असे झाड हळूहळू वाळते, वादळात उन्मळून पडते अथवा रातोरात तोडले जाते. त्याची नोंदच नसेल, तर तेथे झाड होते हे सिद्ध करणेही कठीण होते. वृक्षगणनेचे महत्त्व यातच आहे.

कायद्याचा आधार

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ मध्ये स्वतंत्र अधिनियम करण्यात आला. त्यानुसार स्थापन होणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाकडे दर पाच वर्षांनी झाडांची गणना करण्याचे कर्तव्य सोपविलेले आहे. बुंधा तोडणे एवढाच ‘झाड तोडणे’ याचा अर्थ नाही. फांद्या छाटणे, खोडाभोवतीची साल काढणे, जाळणे किंवा अन्य प्रकारे इजा करणे यांचाही त्यात समावेश होतो. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्षांचा दर्जा दिला. वयाचा अंदाज बांधण्यास घेराची नोंद उपयोगी पडते. म्हणजे नोंद जितकी अचूक, तितके संरक्षण भक्कम.

नोंद कशी करावी

हे काम केवळ मोजक्या कर्मचाऱ्यांवर सोडून भागणार नाही. न्यूयॉर्क शहरात २०१५ च्या गणनेत दोन हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी भाग घेतला आणि रस्त्याकडेच्या सुमारे ६ लाख ६६ हजार झाडांची नोंद झाली. आपल्याकडेही शिक्षक, विद्यार्थी व निवृत्त नागरिक यांनी एकेक गल्ली वाटून घेतल्यास प्राधिकरणाच्या कामास मोठे साहाय्य होईल.

प्रत्येक झाडाचे स्थानिक नाव, नेमके ठिकाण आणि प्रकृती लिहावी. जमिनीपासून सुमारे साडेचार फूट उंचीवर टेप गुंडाळून घेर मोजावा. पोकळी, वाळवी, वाळलेल्या फांद्या, खिळे, तारा आणि बुंध्याभोवतीचे काँक्रीट यांची वेगळी नोंद ठेवावी.

निगा

गणना ही केवळ सुरुवात होय. पानांत तयार झालेले अन्न सालीलगतच्या थरातून मुळांकडे जाते. तारेने खोड आवळले की हा प्रवाह खुंटतो. बुंध्यालगत काँक्रीट केल्यास मुळांना पाणी व हवा पुरेशी मिळत नाही. यासाठी बुंध्याभोवती मातीचे आळे मोकळे राखावे, पालापाचोळा न जाळता त्याचे खत करावे आणि नव्या रोपांना पहिले दोन-तीन उन्हाळे नियमित पाणी द्यावे. लोखंडी पिंजरा खोडात रुतू लागल्यास तो काढण्याविषयी संबंधित अधिकाऱ्यांना कळवावे. फांद्यांची छाटणी मात्र स्वयंसेवकांनी परस्पर करू नये. त्यासाठी रीतसर परवानगी व कुशल हात हवेत.

हा अधिनियम नागरी क्षेत्रांपुरता असला, तरी ग्रामपंचायतींनाही गावठाणातील व रस्त्यांवरील वड, पिंपळ, चिंच, कडुनिंब यांची नोंदवही स्वेच्छेने ठेवता येईल. शाळेने दरवर्षी पावसाळ्यानंतर एकदा ती ताडून पाहावी. मागील वर्षी नोंदलेले झाड यंदा जागेवर आहे काय, एवढा साधा प्रश्न नेमाने विचारला गेला, तरी अनेक झाडे वाचतील.