मुदत संपली, क्रमांक नाही!

गेल्या महिन्यात घर आवरताना मुलीच्या खेळण्यांच्या डब्यात माझे जुने क्रेडिट कार्ड सापडले. "दुकान-दुकान खेळायला आजीनं दिलं," असे उत्तर मिळाले. भारतातून आलेल्या आईला मीच सांगितले होते, की त्याची मुदत संपली, आता ते निरुपयोगी. सहज नवे कार्ड शेजारी ठेवून पाहिले, तर सोळाच्या सोळा आकडे तेच! आणि तो डबा दर शनिवारी बागेत जात होता.

मुदत संपते ती कार्डाची. खाते चालूच राहते. इथे अमेरिकेत मुदत संपल्यावर बँक नवे कार्ड पाठवते, तेव्हा बहुधा क्रमांक तोच असतो. बदलते ती तारीख आणि सुरक्षा क्रमांक. नाव व क्रमांक हाती आला, की उरलेली माहिती फोनवर गोड बोलून काढणारे भामटे असतातच. कार्डाच्या गैरवापराबद्दल कायद्याने आपल्यावर जास्तीत जास्त ५० डॉलरची जबाबदारी येते हे खरे, पण निस्तरण्याचा मनस्ताप आपलाच.

म्हणून मी आता असे करतो :

१. आधी नवे कार्ड चालू करून घेतो. आपोआप भरल्या जाणाऱ्या बिलांसाठी नवी तारीख नोंदवतो.

२. मग कात्रीने चिपचे दोन तुकडे करतो. चुंबकीय पट्टी, क्रमांक, नाव, सही, सुरक्षा क्रमांक यांचेही बारीक तुकडे करतो.

३. तुकडे एकाच वेळी टाकत नाही. निम्मे या आठवड्याच्या कचऱ्यात, निम्मे पुढच्या.

४. नुसते लोहचुंबक घासून भागत नाही. चिपवर त्याचा परिणाम होत नाही. कार्ड जाळू तर मुळीच नये, प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो.

५. धातूचे कार्ड श्रेडरमध्ये घालू नये, यंत्र मोडेल. बँकेला फोन करून ते परत पाठवण्यासाठी लिफाफा मागवावा.

एक लक्षात ठेवा : कार्ड कापले म्हणजे खाते बंद झाले असे नव्हे. खातेच नको असेल, तर साठलेले पॉइंट वापरून घ्या, बाकी शून्य करा, बँकेला कळवा आणि खाते बंद झाल्याचे पत्र मागून घ्या. महिना-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टवर तशी नोंद झाली का, हेही पाहा.

मुलीला मी पुठ्ठ्याचे कार्ड करून दिले आहे. क्रमांक तिनेच घातला : १२३४. त्यावर तिने हवी तेवढी उधारी करावी!