ध्यानाचा पहिला धडा

ध्यान म्हणजे मन रिकामें करणें, अशीच माझी समजूत होती. गतवर्षीं प्रथम बसलों तों मन तपासावयाच्या वह्या, बाजारहाट व शेजारचें भांडण यांकडे धांवूं लागलें. हें आपलें काम नव्हे, असें ठरवून मीं तें सोडून दिलें. पुढें एके दिवशीं वर्गांत एका निरपराध मुलावर मी ओरडलों. तो कांहीं न बोलतां खालीं बसला. दुसऱ्या दिवशीं सर्वांसमक्ष मीं त्याची क्षमा मागितली, आणि ध्यानास पुन्हां आरंभ केला.

रीत सोपी आहे. रोज ठराविक वेळीं, एकाच जागीं, पाठ ताठ ठेवून पांच मिनिटें बसावें. श्वास मुद्दाम लांबवूं नये; तो नाकपुड्यांतून येतो व जातो, एवढेंच पाहावें. मन भटकल्याचें लक्षांत येतांच, न रागावतां त्यास परत आणावें. हें परत आणणें हाच खरा अभ्यास होय. गीतेच्या सहाव्या अध्यायांत मन आवरणें वारा आवरण्यासारखें कठीण, असें अर्जुन म्हणतो. त्यावर अभ्यास व वैराग्य हेच उपाय त्यास सांगितले आहेत. स्तोत्रसंहितेच्या पहिल्या स्तोत्रांतहि रात्रंदिवस मनन करणारास धन्य म्हटलें आहे.

माझें मन अद्यापि भटकतें. परंतु रागाचा शब्द ओठांवर येण्यापूर्वीं एका श्वासाचा अवकाश आतां बहुधा मिळतो. पालकांनीं मुलांस बळेंच बसवूं नये, स्वतः बसावें. मुलें पाहून शिकतात.