वादळ साऱ्यांवर, नोंद मोजक्यांची

आमच्या शाळेत वसईचा इतिहास शिकवताना आम्ही दरवर्षी एका स्त्रीची हकीकत सांगतो. ती आगाशीची. इ. स. १६१८ च्या मे महिन्यात समुद्रावरून वाऱ्याने उचललेली एक लहानशी होडी तिच्या घरावर येऊन आदळली आणि ती व तिचे मूल जागीच मरण पावले. त्या काळच्या पोर्तुगीज वृत्तांतात तिच्याविषयी एवढेच एक वाक्य आहे. तिचे नाव तेथे नाही.

वसईवर पोर्तुगिजांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता. १६१८ च्या वादळाविषयी त्यांनी पुष्कळ लिहून ठेवले. वाऱ्याने समुद्राचे पाणी शहरात आणले, चर्चची छपरे उडाली, मोठमोठे दगड दूरवर फेकले गेले, तळ्यांतील मासे मेले, झाडे मुळासकट उपटली गेली, मुंबईच्या बंदरात साठ गलबते मालासह बुडाली. माणसे किती मेली? दोन हजार. दगडांचे, छपरांचे व गलबतांचे वर्णन लांबलचक आहे. माणसांसाठी मात्र एक गोल आकडा पुरला.

वादळ येते तेव्हा ते कोणाची जात विचारत नाही, हे खरे. परंतु वादळ ओसरल्यावर नोंदवही उघडली जाते, तेव्हा तीत कोणाचे नाव चढते आणि कोणाचे राहून जाते, हा प्रश्न वाऱ्याचा नसून समाजाचा असतो. या लेखात तोच प्रश्न आम्हाला वाचकांसमोर ठेवावयाचा आहे.

जे वादळ आलेच नाही

नोंदीची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर प्रचंड चक्रीवादळ आले व एक लाख माणसे मेली, असे जगातील भीषण आपत्तींच्या अनेक याद्यांत छापलेले आढळते. १८८१ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर आठ माणसांमागे एक माणूस एका दिवसात गेला, असे मानावे लागेल. अलीकडे अभ्यासकांनी तत्कालीन वृत्तपत्रे व सरकारी दफ्तरे तपासली, तेव्हा अशा संहाराचा मागमूसही लागला नाही. हे वादळ कागदावरच जन्मले आणि कागदावरूनच पसरले.

त्याच १८८२ साली, एप्रिल महिन्यात, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी आपल्या नालासोपाऱ्यातील स्तूपाचे उत्खनन केले. शतकानुशतके जे मातीखाली विस्मृतीत पडले होते, ते पुराव्यानिशी वर आले. एकाच वर्षाच्या या दोन गोष्टी आम्ही वर्गात शेजारी शेजारी मांडतो. एक पुराव्याने सिद्ध झाली. दुसरी अनेकांनी सांगितली, तरी खरी ठरली नाही. आगाशीची स्त्री खरी असून अनाम राहिली आणि मुंबईचे एक लाख मृत खोटे असून याद्यांत जाऊन बसले. नोंद जपून करावी लागते, आणि तपासूनही घ्यावी लागते, ती यासाठी.

वसंतातील भोवरे

वादळांची नोंद तपासावयाची, तर त्यांचे प्रकार ओळखता आले पाहिजेत. आपल्या किनाऱ्यावर येते ते चक्रीवादळ. ते उबदार समुद्रावर जन्मते, त्याचा व्यास शेकडो किलोमीटर असतो आणि ते कित्येक दिवस टिकते. टॉर्नेडो निराळा. तो जमिनीवरच्या गडगडाटी मेघातून सोंडेसारखा खाली उतरतो. त्याची रुंदी सहसा काही मीटरांपासून एखाद्या किलोमीटरपर्यंत आणि आयुष्य काही मिनिटांचे असते. मात्र त्या अरुंद पट्ट्यात वाऱ्याचा वेग चक्रीवादळालाही मागे टाकू शकतो. फाल्गुन-चैत्रात माळरानावर उठणारी धुळीची वावटळ दिसायला त्याच्यासारखीच, परंतु ती तापलेल्या जमिनीतून वर उठते. टॉर्नेडो ढगाशी जोडलेला असतो.

अमेरिकेत मार्च उजाडला की टॉर्नेडोंचा मोसम सुरू होतो. त्या देशात वर्षाला सरासरी हजाराहून अधिक टॉर्नेडोंची नोंद होते. मेक्सिकोच्या आखाताकडून उष्ण, दमट हवा खालून येते. वरून थंड, कोरडी हवा सरकते. उंचीनुसार वाऱ्याची दिशा व वेग बदलत गेला की मेघातील वर चढणारी हवा गरगरू लागते. १८ मार्च १९२५ रोजी मिसुरी, इलिनॉय व इंडियाना या तीन राज्यांतून एक टॉर्नेडो सुमारे ३५० किलोमीटर धावत गेला. ६९५ माणसे मेली. पूर्वसूचना कोणालाच नव्हती. लोक घाबरतील, या सबबीखाली तेथील हवामान खाते त्या काळी आपल्या अंदाजांत ‘टॉर्नेडो’ हा शब्दच वापरू देत नसे. संकटाचे नाव उच्चारायचे नाही, म्हणजे संकट टळले, अशी ती समजूत! पुढे २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील एका लष्करी विमानतळावर टॉर्नेडो आदळला. तेथील दोन हवामान अधिकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आणि अवघ्या पाच दिवसांनी, २५ मार्चला, टॉर्नेडो येईल असा इशारा दिला. तो खरा ठरला. सामान्य जनतेला इशारे देण्याची वाट तेथून खुली झाली.

सर्वांत अधिक टॉर्नेडो अमेरिकेत होत असले, तरी सर्वांत अधिक माणसे मारणारा टॉर्नेडो तेथला नाही. तो २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात, दौलतपूर व साटुरिया या भागात आला. सुमारे तेराशे माणसे त्यात गेली. बंगालच्या उपसागरावरील दमट हवा आणि छोटा नागपूरच्या पठाराकडून येणारी कोरडी, तापलेली हवा यांच्या संघर्षातून उठणाऱ्या कालवैशाखीच्या वादळांचा हा प्रदेश. दाट वस्ती, पत्र्याची व कुडाची घरे, पळून जावे असे पक्के ठिकाण नाही आणि सांगणारे कोणी नाही. हवेचे शास्त्र दोन्ही देशांत एकच. मृत्यूचा हिशेब मात्र भिंतींनी आणि इशाऱ्याने ठरवला.

गारपीट आणि सातबारा

महाराष्ट्रात असे टॉर्नेडो क्वचित. आपल्याकडे वसंतातील हवेचा हाच संघर्ष गारपिटीच्या रूपाने उतरतो. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा, खानदेश व पश्चिम महाराष्ट्र गारांनी झोडपून निघाला. सोंगणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्षे व डाळिंबे मातीत गेली. शेतकऱ्याचे दुःख मोठेच होते. सरकारी मदत हेक्टरी हिशेबाने जाहीर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

पण त्या गव्हाची सोंगणी करून वर्षाचे धान्य घरात आणणाऱ्या भूमिहीन मजुराचे काय? त्याचे हेक्टर कोणते? तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक पंचनाम्याला बांधावर येतात. मजूर बांधावरच उभा असतो, परंतु सातबाऱ्यावर त्याचे नाव नसते. त्याची बुडालेली मजुरी हे नुकसान आहे, असे मानणारा रकानाच त्या कागदावर नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेल्या आमच्या पिढीला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

तौते: आपल्या दाराशी

१७ मे २०२१ रोजी ‘तौते’ हे चक्रीवादळ मुंबई-पालघरच्या पश्चिमेकडून समुद्रातून उत्तरेकडे गेले आणि रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकले. कुलाब्याला ताशी १०८ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. सांताक्रूझला चोवीस तासांत सुमारे २३० मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात उभा असलेला ‘पी-३०५’ हा बार्ज बुडाला. तो आणि त्या सोबतची एक टगबोट मिळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. हवामान खात्याचा इशारा आधीच मिळाला होता. तरीही कामगार समुद्रातच राहिले, कारण बार्ज किनाऱ्याला न्यायचा की नाही, हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते. याउलट, पालघरच्या वडराई किनाऱ्यासमोर अडकलेल्या ‘गॅल कन्स्ट्रक्टर’वरील १३७ जणांना हेलिकॉप्टरच्या साहाय्याने सुखरूप वाचवण्यात आले.

वसई-विरारमध्ये झाडे पडली, केळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली. टाळेबंदीमुळे वसतिगृह रिकामे होते. मुले घरोघरी होती. तिसऱ्या दिवशी सातवीतील एका मुलीचा, वडिलांच्या फोनवरून, आम्हाला फोन आला. पूर्वेकडील डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या चाळीत ती राहत असे. म्हणाली, “सर, पत्रे उडाले, दप्तर भिजलं. पण जातीचा दाखला कोरडा आहे. आईनं तांदळाच्या डब्यात ठेवला होता.”

पुढे पंचनाम्याला माणसे आली. त्यांनी घरपट्टीची पावती मागितली. भाडेकरूकडे ती कुठून असणार? पत्रे उडाले ते तिच्या डोक्यावरचे; कागदावर नाव लागले ते चाळमालकाचे. त्या माउलीने निरक्षर असूनही कागदाची किंमत ओळखली होती. कागदाने मात्र तिला ओळखले नाही.

आपण काय करावे

आपत्ती म्हणजे नशीब नव्हे. १९४३ साली दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार माजवला. त्यानंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूरमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या खोऱ्याच्या विकासयोजनेला चालना दिली. १९४८ च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. संकटाला उत्तर द्यायचे ते ज्ञानाने, नियोजनाने आणि संस्था उभारून, हा धडा त्यात आहे.

आपल्या पातळीवर तीन गोष्टी सहज करता येतील. पहिली, घरातील दाखले, शिधापत्रिका व भाड्याचा कागद एका जलरोधक पिशवीत ठेवावा आणि त्यांची छायाचित्रे जवळच्या नातलगाच्या फोनमध्येही असावीत. दुसरी, हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी व लाल इशारा म्हणजे काय, हे वस्तीतील प्रत्येकाला सांगावे. वादळात पत्र्याखाली न थांबता कोणत्या पक्क्या इमारतीत जायचे, ते आधीच ठरवावे. तिसरी, नुकसान झाल्यास त्याच दिवशी तारीखवार लिहून, छायाचित्रे काढून, वस्तीने एकत्र अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. एकट्याचा अर्ज हरवतो. पोच घेतलेला सामूहिक अर्ज सहसा हरवत नाही.

शाळा पुन्हा भरली तेव्हा आम्ही मुलांकडून एक ‘वादळवही’ लिहून घेतली. कोणाच्या घरी काय गेले, कोण कोणाच्या मदतीला धावले, कोणाला मदत मिळाली आणि कोणाला नाही, हे त्यांनी आपल्या अक्षरात लिहिले. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे की, आपल्या वस्तीतील आठवणी, वडीलधाऱ्यांनी सांगितलेली जुनी वादळे आपणही या वहीत लिहावीत.

त्या वहीच्या पहिल्या पानावर आगाशीची ती स्त्री आणि तिचे मूल आहे. नावाच्या जागी मुलांनी एक रेघ ओढून ठेवली आहे. पुढच्या कोणत्याही पानावर तशी रेघ ओढावी लागू नये, एवढ्यासाठी आपण लिहायचे आहे.