मुक्या जिवाचा मालक कोण?

वलीम्याच्या दावतीचे काम केटररकडे सोपविताना घरातील वडीलधारी मंडळी एक गोष्ट हटकून विचारतात, ती म्हणजे मांस हलाल आहे ना? प्रश्न योग्यच आहे. केटरर होकार देतो आणि आपले समाधान होते. परंतु सुरीखाली येण्यापूर्वी ती कोंबडी कोणकोणत्या हातांतून गेली, याची विचारपूस सहसा होत नाही. पूर्वी तिची गरजही नव्हती. दाणे टाकणारा हात आणि जिबह करणारा हात बहुधा एकाच घरचा असे.

आज या दोन हातांमध्ये मोठे अंतर पडले आहे. करार पद्धतीत पिल्ले आणि खाद्य कंपनी पुरविते, शेतकरी पाच-सहा आठवडे पक्षी सांभाळतो, व्यापाऱ्याची गाडी ते उचलून नेते, दुकानदार जिबह करतो आणि केटरर शिजवितो. पकडणारे मजूर एकेका हातात अनेक कोंबड्या पायांना धरून उलट्या नेतात व जाळीच्या पेट्यांत कोंबतात. उन्हाळ्यात काही वाटेतच गुदमरून मरतात. मोटारसायकलला पाय बांधून टांगलेल्या कोंबड्या तर आपण शहरातल्या रस्त्यांवर पाहतो आणि पुढे जातो. अंड्यांसाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या कोंबडीच्या वाट्याला सामान्यतः ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही.

येथे सुनन अबू दाऊदमधील एक प्रसंग आठवावा. प्रेषित मुहम्मद (स.) एका अन्सारी सहाबींच्या बागेत गेले असता तेथील एक उंट त्यांना पाहून विव्हळू लागला व त्याचे डोळे वाहू लागले. प्रेषितांनी त्याच्या मानेवरून हात फिरविला, तेव्हा तो शांत झाला. मग त्यांनी विचारले, की हा उंट कोणाचा आहे? एक तरुण पुढे आला. ज्या जनावराची मालकी अल्लाहने तुला दिली, त्याच्याविषयी तू अल्लाहचे भय बाळगत नाहीस काय, अशा आशयाची कडक समज प्रेषितांनी त्याला दिली. तो उंटाला उपाशी ठेवी आणि कामाने थकवी.

त्या तरुणाने मालकी नाकारली नाही. आजच्या साखळीत हाच प्रश्न विचारला तर काय होईल? शेतकरी म्हणेल, पक्षी कंपनीचे आहेत. कंपनी म्हणेल, सांभाळ शेतकऱ्याकडे आहे. व्यापारी गाडीवाल्याकडे बोट दाखवील, केटरर दुकानदाराकडे, आणि आपण म्हणू, आम्ही तर केवळ जेवणारे. जीव एकच, पण त्याची अमानत कोणीच पत्करीत नाही.

फिकहच्या दृष्टीने एक भेद स्पष्ट असावा. जिबहच्या अटी पूर्ण झाल्या असतील तर जनावराला पूर्वी हालअपेष्टा सोसाव्या लागल्या एवढ्यावरून मांस हराम ठरत नाही. मात्र छळाचा गुन्हा त्यामुळे पुसला जात नाही, त्याची जबाबदेही वेगळी राहते. वाटेत मेलेल्या पक्ष्यांची गोष्ट निराळी आहे. कुरआनच्या सूरह अल-माइदाच्या तिसऱ्या आयतीने मृत जनावर स्पष्टपणे निषिद्ध ठरविले आहे. पेटीतील ही मरतुक बाजूला काढली जाते की जिवंतांबरोबर सोलली जाते, हे विचारणे म्हणजे शंकेखोरपणा नव्हे.

जिबहच्या क्षणाविषयी प्रेषितांनी सुरीला धार लावण्याची व जनावराला आराम देण्याची आज्ञा केली (सहीह मुस्लिम). पण आपल्या उलमांनी जनावराचा हक्क त्या क्षणापुरता मानला नाही. हिजरी ६६० मध्ये कैरो येथे निधन पावलेले इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांनी जनावरांच्या हक्कांची यादीच दिली आहे. म्हातारे वा आजारी होऊन निरुपयोगी झाले तरी खाऊ घालावे, शक्तीबाहेर ओझे लादू नये, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या पिल्लांना जिबह करू नये. भारतात कत्तलखान्यांसाठी २००१ साली झालेल्या नियमांतही एका जनावरासमोर दुसऱ्याला कापण्यास मनाई आहे. आपल्या सणाच्या दिवसांत प्राण्यांच्या कळवळ्याने बोलणाऱ्यांचा हेतू काही वेळा निराळाच असतो, हे आपण जाणतो. पण त्यांच्या हेतूमुळे आपले कर्तव्य कमी होत नाही.

मोठ्या खरेदीदाराने अट घातली तर साखळी वळते. कारखाने, रुग्णालये व शाळांना जेवण पुरविणाऱ्या सोडेक्सो या फ्रेंच कंपनीने २०१६ साली जाहीर केले, की २०२५ पर्यंत जगभर केवळ पिंजरामुक्त कोंबड्यांची अंडी घेऊ. जाहीर करणे आणि पाळणे यांत अंतर असते. पण आपण पुरवठादाराकडून काय घेतो याला आपण उत्तरदायी आहोत, एवढे तरी त्यात मान्य झाले. आपले मदरसे, वसतिगृहे आणि जमातीची सामूहिक भोजने हीसुद्धा लहान खरेदी नव्हे.

तेव्हा केटररला हलालबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. पक्षी कोठून व कसे आणले, जिबहपूर्वी त्यांना पाणी व सावली मिळाली काय, आणि मेलेले पक्षी वेगळे कोण काढतो. तो म्हणेल की अशाने दर वाढेल. वाढू द्यावा, दस्तरख्वानवरचा एखादा पदार्थ कमी करून तो खर्च भागवावा.