शिबिरातील स्वयंपाकघर : सेवेचा एक पाठ

शास्त्रभाग : लूक १०:३८-४२, प्रेषितांची कृत्ये ६:१-७, १ करिंथ ११:१७-३४, योहान २१:१-१४

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या मंडळ्यांत आध्यात्मिक शिबिराची तयारी सुरू होते. वक्ते कोण, विषय कोणता, गीते कोणती, याचा विचार कमिटी पुष्कळ दिवस करते. स्वयंपाकाचा विषय मात्र शेवटच्या बैठकीत निघतो आणि "भगिनी पाहून घेतील" एवढ्यावर मिटतो. मग तीन दिवस मांडवात वचनाची मेजवानी चालते आणि त्याच पाच-सात भगिनी धुरात चुलीपाशी उभ्या असतात. शिबिर संपल्यावर बाकीचे ताजेतवाने होऊन घरी जातात. त्या थकून जातात आणि एकही प्रवचन त्यांच्या कानी पडलेले नसते. हे मंडळीच्या आत्मिक जीवनास शोभणारे नाही, असे आम्हांस वाटते.

१. मार्थेचा दोष कोणता?

मार्थेची गोष्ट शिकविताना आपण बहुधा तिचे कामच हलके ठरवितो. प्रभूने तिला स्वयंपाक करू नको असे म्हटले नाही. पुष्कळ गोष्टींविषयी तिच्या मनाची चाललेली ओढाताण त्याने दाखवून दिली. तिच्या कामासाठी लूकाने वापरलेला मूळ ग्रीक शब्द 'दियाकोनिया', म्हणजे सेवा, हा आहे. प्रेषितांची कृत्ये ६ व्या अध्यायात रोजच्या अन्नवाटपाला आणि वचनाच्या सेवेलाही तोच शब्द लावला आहे. शिवाय पुनरुत्थित प्रभूने स्वतः तिबिर्या समुद्राच्या काठी थकलेल्या शिष्यांसाठी मासळी व भाकर तयार ठेवली होती. तेव्हा चूल आणि व्यासपीठ या दोन्ही ठिकाणी एकाच प्रभूची सेवा चालते.

२. यरुशलेमेतील उपाय

ग्रीक बोलणाऱ्या विधवांची वाटपात उपेक्षा होऊ लागली तेव्हा प्रेषितांनी कुरकुर दडपली नाही, की वाटपही बंद केले नाही. आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असे सात जण मंडळीने निवडले आणि प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवण्यात आले. पंगतीच्या कामासाठी एवढ्या गांभीर्याने माणसे नेमली गेली! पुढे वचनाचा प्रसार होत गेला, असे ७ वे वचन सांगते.

३. सात तालचा नमुना

डॉ. ई. स्टॅन्ली जोन्स यांनी १९३० मध्ये नैनितालजवळ सात ताल येथे ख्रिस्ती आश्रम सुरू केला. तेथे आठवड्यातून एक दिवस नोकरांना, झाडूवाल्यासही, सुट्टी देत आणि त्यांची कामे आश्रमवासी स्वेच्छेने करीत. ज्या देशात कोणाच्या हातचे खावे व घाण कोणी उचलावी हे जन्मावरून ठरत आले, तेथे ही साक्ष लहान नव्हती. आपल्या शिबिरात पाहुण्यांची पंगत आधी आणि आचाऱ्याचे ताट शेवटी कोपऱ्यात, असे होत असेल तर पौलाने करिंथकरांस एकमेकांसाठी थांबण्याविषयी जे लिहिले, ते आपणांसही लागू आहे.

४. प्रत्यक्षात काय करावे?

(अ) शिबिरात १०० जण असून त्यांतील ६० धडधाकट असतील, तर १५-१५ जणांचे चार गट करावे. प्रत्येक गटात बंधू व भगिनी दोन्ही असावेत आणि एकेका जेवणाची पाळी एकेका गटाने घ्यावी. कांदे चिरणे व भांडी घासणे हे बंधूंचेही काम आहे. मोठी तपेली सांभाळण्यास अनुभवी आचारी ठेवावा, पण त्यालाही सभेत जागा असावी.

(आ) कोठी एकाच व्यक्तीकडे असावी. भात मुख्य असेल तेव्हा दरडोई सुमारे १०० ग्रॅम तांदूळ व ४०-५० ग्रॅम डाळ धरावी. म्हणजे शंभरांच्या एका जेवणास १० किलो तांदूळ व ४-५ किलो डाळ झाली.

(इ) मुख्य सभेच्या वेळी खिचडीसारखा सोपा बेत ठेवावा.

(ई) पिण्याच्या पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते निदान १ मिनिट उकळू द्यावे. जुलाब होत असलेल्यांनी बरे वाटल्यावरही दोन दिवस स्वयंपाकास हात लावू नये. भात शिजविल्यावर तासन्‌तास तसाच ठेवू नये. त्यात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

(उ) वाढणारे व आचारी यांच्यासाठी निदान एका जेवणाला इतरांनी वाढावे.

शिक्षकांनी वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या मागील शिबिरात कोणाला एकही सभा ऐकता आली नाही?
२. सात सेवकांच्या अंगी कोणते गुण पाहिले गेले? स्वयंपाकाची जबाबदारी देताना आपण काय पाहतो?
३. शब्बाथशाळेतील मुलांना पंगतीत कोणते काम देता येईल?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात जी नावे येतील, त्यांची आगामी शिबिरातील आसने पुढच्या रांगेत असावीत, आणि त्या वेळी चुलीपाशी आपण असावे.