'ईस्ट इंडियन' हें नांव कोठून आलें?

बोरिवलीच्या पश्चिमेस मनोरीची खाडी आहे. ती होडीनें ओलांडली कीं पलीकडे गोराई गांव लागतें. तेथील ख्रिस्ती घरांत परेरा, डिसोझा अशीं आडनांवें आढळतात. तीं ऐकून आम्हीं एका आजीबाईंस विचारलें, "आपलें गोव्यांतलें गांव कोणतें?" "आम्ही इथलेच रे!" असें त्या मराठींत म्हणाल्या, तेव्हां आम्ही ओशाळलों.

या लोकांचे पूर्वज साष्टी, वसई व मुंबई येथील कोळी, कुणबी, भंडारी इत्यादि होत. पोर्तुगीज अमदानींत ते ख्रिस्ती झाले, आडनांवें बदललीं. घरची बोली व लग्नांतील गाणीं मात्र मराठीच राहिलीं.

मग हें इंग्रजी नांव कां? पूर्वीं यांस 'पोर्तुगीज ख्रिस्ती' म्हणत. पुढें गोवा व मंगळूर येथील ख्रिस्ती बांधव नोकरीकरितां मुंबईस येऊं लागले. त्यांचींहि आडनांवें अशींच असल्यामुळें कोण कोठला हें कळेना. आपण येथलेच, इंग्रजी राज्याचे जुने प्रजाजन, हें सरकारदरबारीं ठसविणें या लोकांस अगत्याचें वाटलें. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास 50 वर्षें झालीं त्या सालीं, 26 मे 1887 रोजीं, त्यांनीं 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापिली. ज्या ईस्ट इंडिया कंपनीची चाकरी त्यांच्या वाडवडिलांनीं केली होती, तिचेंच नांव त्यांनीं घेतलें. गंमत अशी कीं, ती कंपनी 1874 सालींच विसर्जित झाली होती!